अस्सल मुद्रा, खोटा मजकूर

रोम्युलन सिनेटर व्रीनाक पेला उचलतो, वास घेतो आणि एक घोट घेतो. पेय त्याच्याच देशातलं आहे, यजमानाने त्याच्यासाठी मुद्दाम यंत्रातून काढून घेतलेलं. या कालीफालचा अस्सल वास ओठांना पेला लागण्याआधीच नाकात शिरून डोकं उघडतो, असं सिनेटर सांगतो. नक्कल चांगली जमली आहे, क्षणभर खरंच प्यायल्यासारखं वाटलं, असंही म्हणतो. पण क्षणभरच.

यजमान ऐकून घेतो. थोड्याच वेळात तो याच माणसाच्या हातात दुसरी एक नक्कल ठेवणार आहे, आणि ती ओळखली गेली तर आकाशगंगेतलं एक मोठं युद्ध बहुधा त्याची बाजू हरणार आहे.

हा प्रसंग ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वातल्या एकोणिसाव्या भागातला. भागाचं नाव ‘इन द पेल मूनलाइट’, प्रक्षेपण एप्रिल १९९८. यंदाच्या अंकासाठी ‘कारस्थान’ हा विषय आला, तेव्हा संपादकांना माझ्याकडून पेशवाईतलं काहीतरी अपेक्षित असावं. पेशवाई या लेखात येणारच आहे. पण कारस्थान प्रत्यक्षात कसं चालतं, त्यात कोणकोण कुठल्या टप्प्यावर ओढलं जातं आणि सज्जन माणूस त्यात किती सहजपणे शिरतो, हे पाऊण तासात इतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी कलाकृती मला माहीत नाही. म्हणून हा भाग नव्याने पाहिला, माझ्याहून जाणत्या माणसाला दाखवला, आणि मग त्याच्या अनुषंगाने काही जुने कागद धुंडाळले.

शुक्रवारची यादी

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. पृथ्वी ज्या संघराज्यात आहे ते फेडरेशन आणि त्याचे मित्र क्लिंगॉन हे डोमिनियन नावाच्या बलाढ्य साम्राज्याशी लढत आहेत. कार्डेशियन डोमिनियनला जाऊन मिळाले आहेत. तिसरी मोठी सत्ता रोम्युलनांची. त्यांनी डोमिनियनशी अनाक्रमणाचा करार केला आहे आणि ते तटस्थ आहेत. तटस्थपणा नावापुरताच, कारण शत्रूची जहाजं त्यांच्या हद्दीतून बिनदिक्कत येतात आणि फेडरेशनच्या जहाजांवर हल्ले करून परत जातात.

डीप स्पेस नाइन हे सीमेवरचं अवकाशस्थानक आणि बेंजामिन सिस्को त्याचा कप्तान. दर शुक्रवारी तिथे मृतांची, जखमींची आणि बेपत्तांची यादी लावली जाते. माणसं जमतात, यादीत आपलं माणूस शोधतात. युद्धाचं हे एवढंच दर्शन आपल्याला होतं. मोठी लढाई या भागात पडद्यावर येतच नाही. बेटाझेड हा फेडरेशनचा महत्त्वाचा ग्रह दहा तासांच्या आत पडतो तेही आपल्याला बातमी म्हणूनच कळतं. पुढे एकाला भोसकलं जातं, दोन खून होतात, तेही सगळं नजरेआड.

सिस्को यादीपुढे उभा राहतो आणि मनाशी ठरवतो की रोम्युलनांना युद्धात ओढायचंच. त्याची सहकारी जॅडझिया डॅक्स रोम्युलन बनून त्याच्याशी वाद घालते. आमचं काय बिघडलंय तटस्थ राहून, असा तिचा सवाल असतो. डोमिनियन आमच्यावर चालून येणार याचा पुरावा दाखवा, मग बोलू. पुरावा हवा हे सिस्कोच्या तिथेच लक्षात येतं. हा सगळा विचार सरळ आहे आणि त्यामागची कळकळ खरी आहे. इथवर मी तरी त्याच्या बाजूचा असतो.

एक परवानगी, मग दुसरी

स्थानकावर गॅरॅक नावाचा शिंपी आहे. एकेकाळचा कार्डेशियन हेर, आता हद्दपार. सिस्को त्याच्याकडे जातो आणि शत्रूच्या राजधानीतून पुरावा मिळवून दे म्हणतो. गॅरॅक जुन्या ओळखीच्या माणसांशी संपर्क साधतो, आणि एका दिवसात ती सगळी माणसं मारली जातात, असं तो येऊन सांगतो. पुरावा मिळणार नाही, पण तयार करता येईल, ही त्याची पुढची सूचना.

यानंतरची घसरण पाहण्यासारखी आहे. डोमिनियनचा प्रतिनिधी वेयून आणि कार्डेशियन नेता डमार रोम्युलनांवर चढाई करण्याची खलबतं करत आहेत, अशी बनावट ध्वनिचित्रफीत करायची ठरते. तिच्यासाठी टोलार नावाचा कारागीर हवा, आणि तो क्लिंगॉनांच्या तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत बसलेला. सिस्को क्लिंगॉन प्रमुखाकडे शब्द टाकून त्याला सोडवून आणतो. हा गृहस्थ पहिल्याच रात्री दारू पिऊन क्वार्कच्या बारमध्ये राडा करतो आणि क्वार्कला भोसकतो. आता गुन्हा नोंदला गेला तर सगळंच उघड होणार. सिस्को स्थानकाच्या सुरक्षाप्रमुखाला नोंद लांबवायला सांगतो आणि क्वार्कला लाच देतो. क्वार्क कपड्यांची भरपाई मागतो, धंद्याचं नुकसान मागतो, परवान्याअभावी अडकलेला माल सोडवून मागतो. आणि मनापासून आनंदतो, कारण प्रत्येक माणसाची किंमत असते हा त्याच्या व्यापारी धर्माचा नियम आज खुद्द कप्तानाने खरा केला.

फीत साध्या माध्यमावर चालणार नाही. तिला अस्सल कार्डेशियन डेटा-रॉड लागतो. असा रॉड विकणारा माणूस पैसे घेत नाही, त्याला ८५ लिटर बायोमिमेटिक जेल हवं. जैविक अस्त्रांत वापरता येणारा, कडक नियंत्रणाखालचा हा पदार्थ स्थानकाच्या रुग्णालयातच असतो. डॉक्टर बशीर ते द्यायला नकार देतो. हा आदेश आहे, असं सिस्को सांगतो. मग मला लेखी द्या, आणि माझा निषेधही नोंदवला जाईल, असं बशीर म्हणतो. सिस्को लेखी देतो.

आणि वरिष्ठ? कट बाहेर फुटला तर कप्तानाने परस्पर केला असं म्हणता यावं, अशी सोय इथे केलेली असेल असं आपण धरून चालतो. लेखकांनी तसं केलेलं नाही. स्टारफ्लीटच्या, म्हणजे फेडरेशनच्या आरमाराच्या, मुख्यालयाने या योजनेला मान्यता दिली आहे, असं सिस्को स्वतः सांगतो. म्हणजे हा एका बंडखोर अधिकाऱ्याचा आततायीपणा नाही, फाईल वरपर्यंत गेलेली आहे. या भागावर बोलताना बहुतेक जण गॅरॅकच्या धूर्तपणावर थांबतात. मला मात्र ही मान्यता जास्त भयंकर वाटते. कैद्याला माफी, पोलिसी नोंद लांबवणं, व्यापाऱ्याला सवलत, औषधसाठ्याचा आदेश : यांतलं प्रत्येक काम कुठल्याही कचेरीत एका सहीवर होतं. एकाही टप्प्यावर सिस्कोला ‘आता मी पाप करतोय’ असं ठरवावं लागत नाही.

सही पाहणारे गृहस्थ

पुण्यात माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. सगळी नोकरी त्यांनी संशयित दस्तऐवज तपासण्यात घालवली. मृत्युपत्रं, खरेदीखतं, धमकीची पत्रं, चेकवरच्या सह्या. त्यांनी स्टार ट्रेक कधी पाहिलेलं नव्हतं. सिंहगड रस्त्यावरच्या त्यांच्या घरी लॅपटॉपवर आम्ही हा भाग पाहिला. सुरुवातीला कपाळावर ऊर्णा असल्यासारखी ही माणसं कोण, ते कान असे का, असं विचारत होते. रॉडचा विषय निघाला तसे पुढे सरकून बसले.

“आमच्याकडे हेच,” ते म्हणाले. “मजकूर खोटा आणि कागद अस्सल. जुन्या तारखेचा कोरा स्टॅम्प पेपर कुणीतरी जपून ठेवलेला असतो. त्यावर वीस वर्षांनी करारनामा लिहितात. कागद तपासला तर खरा, शिक्का खरा, विक्रेत्याची नोंद खरी. मग आम्ही शाई बघायची, घडी बघायची. घडीच्या आधी लिहिलंय की नंतर, ते बघायचं.”

तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात उलट होतं, याची त्यांनी आठवण करून दिली. तिथे कागदच बनावट होता, आणि तो छापायची यंत्रं नाशिकच्या सरकारी मुद्रणालयातून भंगारात निघालेली.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर माझी सही तीनदा करायला सांगितली. तिन्ही सह्या खिडकीच्या काचेवर एकमेकींवर धरून दाखवल्या. एकही तंतोतंत जुळत नव्हती. “जुळली असती तर मला संशय आला असता. माणूस एकसारखी सही दोनदा करूच शकत नाही. हुबेहूब म्हणजे गिरवलेली.” नकली सही जपून, हळू केलेली असते, त्यामुळे नको तिथे लेखणी उचललेली दिसते, रेघेला कंप असतो, आणि भिंगाखाली हे सगळं उघडं पडतं. खरी सही वेगात वाहत जाते, थोडी अजागळही असते.

पडद्यावर तोवर व्रीनाक रॉड घेऊन तपासायला गेला होता. तो परत येतो आणि रागाने थरथरत सांगतो की हे बनावट आहे. स्टीफन मॅकहॅटी या अभिनेत्याने तो एक शब्द असा काही उच्चारला आहे की मालिकेच्या चाहत्यांत तो आजही ओरडून दाखवला जातो. सिनेटर परत निघतो. सिस्कोचा डाव फसला.

आणि मग बातमी येते की सिनेटरचं यान वाटेत स्फोट होऊन नष्ट झालं.

माझे स्नेही हसले नाहीत, पण टेबलावर बोट आपटलं. “कळलं. आता ती वस्तू जळालेली मिळणार.” नेमकं तेच होतं. गॅरॅकने यानात बॉम्ब ठेवला होता. टोलारलाही त्यानेच संपवलं. रोम्युलन अवशेष चाळतील, त्यांना अर्धवट जळालेला रॉड सापडेल, नकलेत राहिलेले दोष स्फोटाच्या खात्यावर जमा होतील. शिवाय रॉड जवळ बाळगणाराच मारला गेला, म्हणजे त्यातलं गुपित खरंच असणार, असा निष्कर्ष ते स्वतःच काढतील.

“जळालेल्या कागदावरचं लिखाण आम्ही वाचू शकतो,” ते म्हणाले. “विशिष्ट प्रकाशात दिसतं. पण हा दोष हाताचा की आगीचा, हे साक्षीच्या पिंजऱ्यात शपथेवर सांगायचं म्हणजे अवघड. वकील फाडून खातो. हा शिंपी फार पक्का आहे.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “त्याने आधीपासूनच हे ठरवलेलं असणार, नाही का? ती त्याची राजधानीतली माणसं तरी खरंच मेली होती का?”

भाग याचं उत्तर देत नाही. सिस्को चिडून दुकानात येतो, गॅरॅकला ठोसे लगावतो, तेव्हा फीत खपेल अशी मला आशा होती, पण भरवसा नव्हता, एवढंच गॅरॅक सांगतो. माझ्या स्नेह्यांना ते पटलं नाही. मलाही पटत नाही.

राक्षसाची अंगठी

अस्सल माध्यमावर खोटा मजकूर ही युक्ती आपल्याकडच्या एका नाटकाचा कणा आहे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याला नंदांचा एकनिष्ठ अमात्य राक्षस जिंकून घ्यायचा असतो. त्याचा हेर चंदनदास या जवाहिऱ्याच्या घरून राक्षसाची मुद्रा असलेली अंगठी मिळवतो. चाणक्य एक पत्र लिहवून घेतो, तेही राक्षसाचाच मित्र असलेल्या शकटदासाच्या हातून. पत्रात कुणाचं नाव नाही, कुणी कुणाला लिहिलं त्याचा पत्ता नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही. वर राक्षसाची मुद्रा उठते. हस्ताक्षर खरं, मुद्रा खरी, मजकूर खोटा. जोडीला राक्षसाचा आश्रयदाता मलयकेतू याच्या मृत पित्याचे दागिने व्यापाऱ्यांकरवी राक्षसाला विकले जातात. पत्र पकडलं जातं, राक्षसाच्या अंगावर ते दागिने दिसतात, आणि मलयकेतूची खात्री पटते. तो राक्षसाला झिडकारतो आणि आपल्याच पाच मित्रराजांना ठार करवतो.

तिथेही रक्त रंगमंचावर सांडत नाही. तिथेही पुराव्याला बळकटी दुसऱ्या एका वस्तूने येते, दागिन्यांनी तिथे, स्फोटाने इथे. पण एक मोठा फरक आहे. चाणक्य आपण काय करतोय ते पहिल्या अंकातच पूर्ण जाणतो आणि त्याला त्याचं ओझं वाटत नाही. सिस्कोला वाटतं. चाणक्य आणि त्याचा बोचरा विवेक असे दोघे विशाखदत्ताने एका माणसात घातले नाहीत. अमेरिकी लेखकांनी चाणक्य शिंप्याच्या दुकानात बसवला आणि विवेक कप्तानाच्या खोलीत.

ती खोली हीच या भागाची चौकट. सिस्को आपल्या खासगी नोंदवहीत, थेट कॅमेऱ्याकडे पाहत, घडलेलं सगळं सांगतो. अॅव्हरी ब्रूक्स हा मुळात रंगभूमीचा माणूस, रटगर्स विद्यापीठात नाट्यकला शिकवणारा. त्याने हे स्वगत नाटकाच्या अंगाने पेललं आहे. तो येरझारा घालतो, गणवेशाचा वरचा कोट उतरवतो, हातात मद्याचा पेला येतो. अँड्र्यू रॉबिन्सनचा गॅरॅक याउलट आवाज चढवत नाही. मार खाल्ल्यावर, रक्त पुसत, तो हिशेब मांडतो. एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान, एवढ्याच्या बदल्यात अख्खा प्रदेश वाचत असेल तर सौदा स्वस्त आहे.

पत्रकार गळाला

पटकथेचा इतिहासही इथे बोलका आहे. श्रेयनामावलीत कथा पीटर अॅलन फील्ड्स आणि पटकथा मायकेल टेलर अशी नावं आहेत. शेवटचं मोठं पुनर्लेखन रोनाल्ड डी. मूर याने केलं, नाव न लावता. हाच मूर पुढे नव्या ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’चा कर्ता झाला. सुरुवातीच्या मसुद्यांत कथा सिस्कोचा मुलगा जेक याची होती. तो पत्रकार, आणि वडिलांच्या गुपिताचा माग काढणारा. नंतर जेक कथेतून गेला आणि सगळं वडिलांच्या तोंडी आलं.

नाट्य म्हणून हा निर्णय निर्विवाद योग्य होता. पण त्याने आणखी एक झालं. त्या जगात आता विचारणारा कुणी उरला नाही. शेवटी सिस्को म्हणतो की आपल्याला याच्यासह जगता येईल, तेच पुन्हा म्हणतो, आणि संगणकाला संपूर्ण नोंद पुसायला सांगतो. रोम्युलन युद्धात उतरतात, युद्ध पुढे जिंकलं जातं, आणि मालिका १९९९मध्ये संपेपर्यंत हे सत्य बाहेर येत नाही.

जीन रॉडनबेरीने स्टार ट्रेकमध्ये रंगवलेलं भविष्य स्वच्छ होतं. त्यात माणूस सुधारलेला होता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जुनी मालिका पाहिलेल्यांना तो उजेड आठवत असेल. रॉडनबेरी १९९१मध्ये गेले. या भागाने त्यांच्या जगाची बदनामी केली, असं मानणारे चाहते आहेत. मला ते मान्य नाही. सुधारलेल्या माणसाचीच परीक्षा घेण्यासारखी असते. गॅरॅक कसाही वागला असता तरी त्यात काय नवल?

रुमालात बांधलेली कारस्थानं

खोट्या पुराव्यावर युद्ध हे प्रत्यक्षातही घडलं आहे. ४ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर उत्तर व्हिएतनामने दुसऱ्यांदा हल्ला केला, असं जाहीर झालं. तीन दिवसांत अमेरिकी काँग्रेसने ठराव करून राष्ट्राध्यक्षांना युद्धाची मोकळीक दिली. सिनेटमध्ये विरोधात फक्त दोन मतं पडली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. गुप्तवार्ता कशी एकतर्फी निवडून पुढे केली गेली, हे गुप्तवार्ता खात्याच्याच इतिहासकाराने लिहून ठेवलं आणि ते २००५मध्ये जनतेपुढे आलं. चाळीस वर्षं लागली. पण आलं, कारण मूळ संदेश कपाटांत शिल्लक होते.

आपल्याकडचं उदाहरण पुण्यातच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा घराघरांत माहीत आहे. इतिहासकार ती सिद्ध मानत नाहीत. पण खुनाची चौकशी रामशास्त्री प्रभुण्यांनी केली आणि नारायणरावांचे काका राघोबादादा यांना दोषी ठरवलं, हे महत्त्वाचं. सत्तेवर बसलेल्या माणसाला देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणं सोडून गेले, असं परंपरा सांगते. त्यानंतर नाना फडणीस आणि इतरांनी जे केलं त्याला आपण बारभाईंचं कारस्थान म्हणतो, आणि आदराने म्हणतो. १७७४च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर नारायणरावांच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा, जन्म झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्या तान्ह्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेही कारस्थानच होतं. पण बारभाईंची नावं उघड होती, जोखीम त्यांच्या स्वतःच्या मानेवर होती, आणि कागद राहिले.

ते कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरात आहेत. मोडीतली पत्रं, हिशेब, हेरांच्या बातम्या, कापडी रुमालांत बांधून फडताळांवर ठेवलेल्या. एक रुमाल सोडला की जुन्या कागदाचा वास येतो आणि कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात कुणाची तरी चुगली पुढ्यात येते. रियासतकार सरदेसाईंनी यातून निवडून ४५ खंड काढले, तरी उरलेला ढीग अफाट आहे. यात सज्जनांचे कागद आहेत तसे कटवाल्यांचेही आहेत, आणि म्हणूनच अडीचशे वर्षांनी आपण कोण चुकलं यावर भांडू शकतो.

सिस्को बरोबर होता का, हा प्रश्न या भागानंतर हमखास विचारला जातो. लक्षावधी जीव वाचले असतील तर दोन खून आणि एक खोटी फीत क्षम्य आहे की नाही, यावर मी छातीठोक बोलणार नाही. शुक्रवारच्या यादीपुढे उभं राहायची वेळ माझ्यावर आलेली नाही. पण नोंद पुसण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. तिथे कुठलाही जीव वाचत नव्हता. रोम्युलन प्रजेची मुलं एका खोट्या पुराव्यावर रणात गेली, आणि त्यांना किंवा त्यांच्या नातवंडांना ते कधीतरी कळण्याची शेवटची शक्यता सिस्कोने एका वाक्यात संपवली. त्याचा खरा अपराध हा आहे, आणि तो गॅरॅकने केलेला नाही.

भाग पाहणार असाल तर डॉक्टर बशीरचा छोटा प्रसंग नजरेतून सुटू देऊ नका. त्याला कट माहीत नाही आणि तो थांबवायची ताकदही त्याच्यात नाही. तो फक्त लेखी आदेश मागतो आणि निषेध नोंदवतो. सिस्कोची खासगी नोंद पुसली गेली, पण ८५ लिटरच्या त्या आदेशाचा कागद पुसल्याचं कुठेही दाखवलेलं नाही. सरकारी असो, कारखान्यातली असो, सोसायटीतली असो, तुमच्या टेबलावर अशी फाईल आली आणि ‘तोंडी सांगतो, करून टाका’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच करा : लेखी मागा.